अकरा फूट चार इंच

कूलर धरून.
कूलर नसता तर दहा फूट दोन,
पण वैशाखात पारोळ्याहून निघायचं आणि कूलर नको,
हे ह्यांना जमलं असतं, मला नाही.
भावाकडून वेल्डिंग करून घेतला. आता निघत नाही.

गाडी म्हणजे शाळेची जुनी बस.
बावीस वर्षं ह्यांनीच चालवली, भंगारात निघाली तेव्हा ह्यांनीच घेतली.
आत आता दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी.
मागच्या काचेवर पुसट: अंतर ठेवा, मुले आहेत.
मुलं एक सुरतेला, एक नाशकात.

मोबाईल माझ्या मांडीवर.
त्यातली बाई विचारते, टोल टाळायचा का?
फेरी टाळायची का?
तिला बरंच काही टाळता येतं.
फक्त वरचं टाळता येत नाही.
रस्त्यावर काही लोंबतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही,
तिच्या जगात सगळे रस्ते आभाळापर्यंत मोकळे.

म्हणून ही किराण्याची वही,
आणि टोकाला लाल चिंधी बांधलेला, मापून कापलेला बांबू.

अमळनेर, बाजाराच्या तोंडाची कमान: बारा फूट.
वाढदिवसाचा फ्लेक्स असल्यास साडेदहा.
(कुणाचा ना कुणाचा असतोच.)
धरणगाव रस्ता, चिंचेची आडवी फांदी:
उन्हाळ्यात जाते. पावसात ओली होऊन खाली येते, जाऊ नये.
जिनिंगजवळची तार: दुपारी ढिली, पहाटे ताठ. पहाटे जाणे.
केळीचे ट्रक जातात तिथून बेलाशक जाणे.
रस्त्यात लग्नाचा मांडव: वाद घालू नये, जेवून निघावे.

माझी उंची पाच पाच.
माहेरच्या चौकटीची पाच तीन असेल,
ती कधी मोजली नाही. मान आपोआप जायची.

प्रकाशाला निघालो होतो.
बेटावदच्या अलीकडे ती म्हणाली, उजवीकडे वळा,
सोळा मिनिटं वाचतील.
हे वळले.
पुढे रेल्वेखालचा बोगदा.
उंचीचा फलक होता, पण आकड्यावर
कुठल्याशा क्लासचं पोस्टर: यशाची हमखास वाट.

मी उतरून बांबू लावला.
चिंधी सिमेंटला टेकली आणि वाकली.
एक इंच. फार तर दीड.
तेवढ्यात वरून मालगाडी गेली,
सगळे डबे माझ्या मनगटातून गेले.
मागे कडब्याचा ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली, शेळ्या.
आणि मोबाईल सांगतोय, सरळ जा. सरळ जा.

शेळ्यांमागचा म्हातारा पुढे आला,
गाडीला एक फेरी मारली, टायरला काठी टोचली.
"चाकेसनी हवा सोडी दे, भाऊ. मंग निंघी जाई."

हे चिडले. बावीस वर्षांत हवा कधी कमी ठेवली नाही.
मग उकिडवे बसले.
सहा चाकं.
म्हैस बसते तशी गाडी पुढून आधी खाली आली.
मी तोंड तिच्याकडे करून उलटी चालत राहिले,
बोगद्याच्या छताकडे बघत: या. या. थोडं. या.
कूलरचा पत्रा एकदा किरकिरला,
आणि मागून शेळ्या आमच्या आधी पलीकडे.

पलीकडे हवेचा पंप नव्हता.
चार किलोमीटर बैलगाडीच्या चालीनं.
ती म्हणाली,
तुम्ही सर्वात वेगवान मार्गावर आहात.

वहीत लिहिलं:
बेटावद बोगदा, अकरा तीन. हवा सोडून जाते.
झिपरू आबांना विचारणे. चहा बिनसाखरेचा.

रात्री प्रकाशाला, घाटापासून लांब, मोकळ्या रानात गाडी लावली.
तापीवरून गार वारा, कूलर बंद.
बांबू घेऊन उतरले, सवयीनं.
कुठे टेकवू?
लिहिलं: प्रकाशा. वर काही नाही.

आतून हे म्हणाले,
तारीख टाक. सकाळपर्यंत कुणीतरी मांडव घालेल.